लाव्हीचा घास वयाप्रमाणे



ज्वारीच्या काढणीला विळा चालू झाला की अगदी पायाजवळून भुर्रकन उडून दोन सऱ्या पलीकडे दडणारा लाव्हा आपल्यापैकी कुणी पाहिला नाही, असे होणार नाही. तो रानाचा धनी. त्याला पकडणे किंवा विकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, म्हणून त्याच्या वाटेस जाऊ नये. आज आपल्याला बोलायचे आहे ते त्याच्या पाळीव भावंडाबद्दल, म्हणजे जपानी लाव्हीबद्दल. ही लाव्ही १९७४ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून आपल्या देशात आली आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगरला तिच्यावर काम सुरू झाले. आज तेथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तिच्या सुधारित जातीही तयार केल्या आहेत.

लाव्हीला जागा थोडी लागते, परसातल्या एका पडवीतही शंभर पक्षी राहतात. सहा-सात आठवड्यांत मादी अंड्यावर येते, पाच आठवड्यांत पक्षी विक्रीला तयार होतो. हे ऐकले की कोणालाही मोह व्हावा. पण जेथे लाव्हीची गोष्ट निघते तेथे एक प्रश्न हमखास येतो, ‘आमच्याकडे कोंबड्यांचे खाद्य आहेच, त्यावरच लाव्ह्या वाढतील ना?’ आजचे सारे लिखाण या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

एक आठवडा म्हणजे एक महिना

आपली गावठी कोंबडी अंड्यावर यायला पाच-सहा महिने घेते. लाव्ही तेच काम सहा-सात आठवड्यांत करते. म्हणजे कोंबडीचा एक महिना तो लाव्हीचा एक आठवडा, असा हिशेब मनाशी पक्का धरावा. कोंबडीच्या पिलाला चार दिवस खाद्य कमी पडले तर ते पुढे भरून काढता येते. लाव्हीचे चार दिवस गेले म्हणजे पंधरवडा गेला. तो परत येत नाही.

अंड्यातून बाहेर पडते तेव्हा लाव्हीचे पिलू जेमतेम आठ ग्रॅमचे असते. दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे. पहिल्या आठवड्यात त्याचे वजन तिपटीच्या आसपास होते. पाच आठवड्यांत चांगल्या जातीचा पक्षी १८० ते २०० ग्रॅमपर्यंत जातो. एवढे मांस, एवढी हाडे, एवढी पिसे पाच आठवड्यांत कशातून उभी राहणार? घासातूनच. म्हणून तिच्या घासात प्रथिने अधिक लागतात आणि वय वाढेल तसा घास बदलावा लागतो.

आमची पहिली शंभर पिले

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. आम्ही पहिल्यांदा शंभर पिले आणली ती घरातल्या बचत गटाच्या कर्जातून. जागा स्वच्छ केली, तूस अंथरले, दिवा लावला, कोंबडीच्या पिलांचे चांगले पोत्यातले खाद्य आणून भांडी काठोकाठ भरली. दुसऱ्या दिवशी पिले मलूल दिसू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी एकोणीस मेली होती. रोग आला असे समजून मी औषधाच्या दुकानाकडे निघालो, तेव्हा आईने एक पिलू हातात घेतले आणि त्याच्या गळ्याखाली बोट फिरवले.

‘अरे, औषध कशाला आणतोस? ह्याच्या गळ्याची पिशवी रिकामी आहे. ही पिले उपाशी आहेत.’

भांड्यात खाद्य भरलेले आणि पिले उपाशी! आईने खाद्य मुठीत घेऊन पाहिले. दाणा कोंबडीच्या पिलाच्या चोचीचा होता, लाव्हीच्या चोचीचा नव्हता. शिवाय भांड्याचा काठ त्यांच्या मानेच्या वर होता. तिने ते खाद्य जात्यावर भरडले, रव्याच्या चाळणीने चाळले आणि गोणपाटावर पसरून त्यावर बोटाने टकटक करीत बसली. पिले धावत आली. त्या दिवसापासून मर थांबली. पण गेलेली एकोणीस पिले आणि त्यांचे पैसे गेलेच. ते कर्ज आम्हाला दुसऱ्या खेपेच्या पक्ष्यांतून फेडावे लागले. आपल्यापैकी कोणाला हा धडा एवढ्या किमतीने शिकावा लागू नये, म्हणून हे सांगितले.

पहिले तीन आठवडे : बाळघास

या काळात खाद्यात शेकडा २७ च्या आसपास प्रथिने असावीत. काहीही झाले तरी २४ च्या खाली जाऊ नये. कोंबडीच्या पिलांच्या साध्या खाद्यात ती शेकडा २० च्या आसपास असतात. लाव्हीचे पिलू त्यावर का खुरटते, हे यावरून ध्यानात येईल.

घरी मिश्रण करायचे असेल तर १०० किलोला हे प्रमाण धरावे : मका ४५ किलो, सोयाबीन पेंड ३४ किलो, शेंगदाणा पेंड १० किलो, चांगली बिनमिठाची मासळीची कुटी ८ किलो आणि क्षारमिश्रण व जीवनसत्त्वे मिळून ३ किलो. क्षार-जीवनसत्त्वांचे मिश्रण विकत घेताना ते कुक्कुटपक्ष्यांसाठीचेच मागावे. गाईम्हशींचे क्षारमिश्रण वेगळे असते.

एवढा खटाटोप नको असेल तर मांसल कोंबड्यांच्या पिलांचे सुरुवातीचे खाद्य आणावे. त्यात प्रथिने शेकडा २२-२३ असतात. अशा साडेआठ किलो खाद्यात दीड किलो सोयाबीन पेंड बारीक करून नीट मिसळली की ते २६ च्या आसपास जाते. पोत्यावर प्रथिनांचे प्रमाण छापलेले असते, ते वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

खाद्य रव्याएवढे बारीक असावे, पण पिठासारखे नसावे. पिठाने चोची चिकटतात. पहिले तीन-चार दिवस भांड्याऐवजी तुसावर गोणपाट अंथरून त्यावर खाद्य पसरावे. गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नये. त्यावर पाय घसरून पिलांच्या तंगड्या फाकतात आणि असे पिलू पुढे सरळ होत नाही. चौथ्या दिवसापासून उथळ ताटल्या ठेवाव्यात.

पाण्याकडे खाद्याइतकेच लक्ष द्यावे. लाव्हीचे पिलू करंगळीभर पाण्यातही बुडून मरते. म्हणून पाण्याच्या उथळ ताटलीत स्वच्छ खडे किंवा पोरांच्या खेळातल्या काचेच्या गोट्या भरून ठेवाव्यात. पिलू गोट्यांच्या फटीतून पाणी पिते, पण त्यात पडत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्या काढाव्यात.

आणखी एक गोष्ट. गारठलेले पिलू खात नाही. पहिल्या दिवसांत उब ३७-३८ अंशांची असावी आणि मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी करावी. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर उब कमी, चोच वासून दूर पळाली तर जास्त, सगळीकडे पसरून दाणे टिपत असली तर बरोबर, असे समजावे. पहिले दोन आठवडे रात्रीही उजेड ठेवावा, कारण ही पिले रात्रीही खातात. वीज जाण्याची खात्री ज्या गावात असते तेथे शेगडी व निखारे हाताशी ठेवावेत, मात्र धूर बाहेर जाईल अशी वाट ठेवूनच.

रोज रात्री पाच-सहा पिले हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपावी. ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. याला खर्च काही नाही.

चौथा-पाचवा आठवडा : वाढीचा घास

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस छातीची पिसे पाहून नर-मादी ओळखता येतात. नराची छाती विटकरी-तांबूस असते, मादीची करडी आणि त्यावर काळे ठिपके असतात. याच सुमारास पिलांना अंगभर पिसे येतात आणि उबेची गरज संपत येते.

आता प्रथिने शेकडा २४ पुरेत. १०० किलोचे प्रमाण असे : मका ५२ किलो, सोयाबीन पेंड २९ किलो, शेंगदाणा पेंड ८ किलो, मासळीची कुटी ६ किलो, भाताचा कोंडा २ किलो, क्षार व जीवनसत्त्वे ३ किलो. दाणा थोडा भरड चालेल.

घास बदलताना एका दिवसात बदलू नये. पहिल्या दिवशी तीन भाग जुने व एक भाग नवे, मग निम्मे-निम्मे, मग एक भाग जुने व तीन भाग नवे, असे चौथ्या दिवशी पूर्ण नव्यावर यावे. नाही तर पक्षी खाणे कमी करतात आणि या वयात खाणे कमी म्हणजे वजन कमी.

मांसासाठी ठेवलेले पक्षी पाच आठवड्यांचे झाले की विकावेत. त्यानंतर त्यांची वाढ मंदावते आणि खाणे मात्र चालूच राहते. ‘अजून आठवडाभर ठेवू, वजन वाढेल’ या आशेने ठेवलेला पक्षी आपलाच फायदा खात असतो.

सहाव्या आठवड्यापासून : अंड्याचा घास

मादी सहा-सात आठवड्यांत पहिले अंडे देते. साधारण दहा ग्रॅमचे, तपकिरी ठिपक्यांचे अंडे. तेवढ्याशा पक्ष्याला रोज किंवा रोजच्या जवळपास एवढे अंडे द्यायचे असते आणि त्याचे कवच चुन्याचे असते. हा चुना खाद्यातून मिळाला नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. मग अंडी पातळ कवचाची, कधी बिनकवचाची येतात आणि पुढे मादीच पाय टाकून बसते.

म्हणून पाचवा आठवडा संपताना घास पुन्हा बदलावा. प्रथिने शेकडा २० पुरेत, पण कॅल्शियम शेकडा अडीच ते तीन हवे. १०० किलोचे प्रमाण : मका ५५ किलो, सोयाबीन पेंड २२ किलो, शेंगदाणा पेंड ६ किलो, मासळीची कुटी ६ किलो, भाताचा कोंडा २ किलो, क्षार व जीवनसत्त्वे ३ किलो आणि शिंपल्यांचा चुरा ६ किलो.

येथे उलटी चूक करू नये. घरात एकच पोते असावे म्हणून हेच शिंपल्याचे खाद्य लहान पिलांनाही घालणारे असतात. वाढत्या पिलाला एवढे कॅल्शियम सोसत नाही, त्याचे मूत्रपिंड बिघडते. पिलांचे खाद्य आणि अंड्यावरच्या माद्यांचे खाद्य वेगवेगळ्या डब्यात, खूण करून ठेवावे.

कोंबडी बहुधा सकाळच्या प्रहरी अंडे देते. लाव्हीची रीत निराळी. तिची बहुतेक अंडी दुपार कलल्यापासून संध्याकाळपर्यंत येतात. म्हणून त्या वेळी साफसफाई, पक्षी पकडणे, जागा बदलणे ही कामे काढू नयेत. तेव्हा खाद्य-पाणी मात्र भरलेले असावे. अंडी संध्याकाळी गोळा करावीत आणि उरलीसुरली सकाळी पाहावीत. अंड्यावरच्या माद्यांना दिवसाचा व दिव्याचा मिळून १४ ते १६ तास उजेड लागतो. थंडीत दिवस लहान असतो, तेव्हा पहाटे पाचपासून आणि रात्री नऊपर्यंत एक लहान दिवा लावला की हिशेब पुरा होतो.

जादा नर अंड्याच्या खाद्यावर पोसण्यात अर्थ नाही. खाण्याची अंडी हवी असतील तर नराची गरजच नसते. उबवणीची अंडी हवी असतील तर दोन-तीन माद्यांमागे एक नर ठेवावा आणि माद्या दहा आठवड्यांच्या झाल्यावरची अंडी उबवायला घ्यावीत. पाळीव लाव्ही अंड्यावर बसत नाही, ही गोष्टही आधीच माहीत असलेली बरी. पिलांसाठी उबवणी यंत्र लागते. त्यात सतरा-अठरा दिवसांनी पिले बाहेर येतात.

वर्षाच्या आसपास अंडी कमी होऊ लागतात, पण मादीचे खाणे कमी होत नाही. अशा माद्या वेळेवर काढून नव्या आणाव्यात.

घरातले काय घालावे, काय घालू नये

शेतकऱ्याच्या घरी धान्य असते, म्हणून हात सैल सुटतो. चार गोष्टी गाठीशी बांधाव्यात.

पहिली, घरचे सोयाबीन कच्चेच भरडून घालू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारा अंश असतो, तो उष्णतेने जातो. कारखान्यातून तेल काढून आलेली, भाजली गेलेली पेंडच वापरावी.

दुसरी, सरकी पेंड गाईम्हशींसाठी राहू द्यावी. तिच्यातला विषारी अंश पक्ष्यांना बाधतो.

तिसरी, बुरशी आलेली शेंगदाणा पेंड किंवा काळवंडलेला मका ‘पक्ष्यांना काय कळते’ म्हणून घालू नये. त्या बुरशीचे विष पक्ष्याच्या यकृतावर जाते. उन्हात वाळवून वास गेला तरी विष जात नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त खाद्य मिसळून ठेवू नये. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत.

चौथी गोष्ट कोकणातल्या वाचकांसाठी विशेष. बाजारातली खारवलेली सुकी मासळी कुटून घालू नये. लहान पिलांना एवढे मीठ मारक होते. मासळी बिनमिठाची मिळत नसेल तर ती सोडून द्यावी, सोयाबीन पेंड थोडी वाढवावी आणि मेथिओनिन मिसळण्याबद्दल पशुवैद्यकांना विचारावे.

मेथी, लसूणघास यांसारखा हिरवा पाला अगदी बारीक चिरून चवीपुरता द्यावा. त्याने पोट भरू देऊ नये.

वहीतला हिशेब

पक्षी पाळण्याच्या खर्चातला सर्वांत मोठा भाग खाद्याचा असतो. म्हणून पिले आणण्याआधी खाद्याचे पैसे बाजूला काढावेत. शंभर पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३ किलो, दुसऱ्यात ६ किलो, तिसऱ्यात ९ किलो, चौथ्यात १२ ते १३ किलो आणि पाचव्यात १५ ते १६ किलो खाद्य लागते. सांडलवंड धरून पाच आठवड्यांचे ५० किलो धरावे : २० किलो बाळघास आणि ३० किलो वाढीचा घास. आपल्या बाजारातला भाव याला लावला की पक्षी विकताना किती मिळाले पाहिजेत ते घरबसल्या कळते. आधी भाव, मग पिले. उलटे करू नये.

अंड्यावरची मादी दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम खाते. पन्नास माद्यांना रोज सव्वा ते दीड किलो लागेल. रोज चाळीसच्या आसपास अंडी येत असतील तर डझनामागे ३७५ ते ४५० ग्रॅम खाद्य पडते. डझनामागे अर्ध्या किलोच्या वर खाद्य जाऊ लागले तर काहीतरी चुकते आहे असे समजावे. खाद्य सांडत असेल, उंदीर खात असतील, माद्या म्हाताऱ्या झाल्या असतील किंवा उजेड कमी पडत असेल.

सांडणे ही लाव्हीची खोड आहे. ती चोचीने खाद्य उडवते. भांडे निम्म्याच्या वर भरू नये आणि खाद्यावर जाळीचा तुकडा बसेल असा ठेवावा. तिला दाणा टिपता येतो, उडवता येत नाही. उन्हाळ्यात दुपारी पक्षी खात नाहीत, म्हणून पहाटे आणि ऊन उतरल्यावर खाद्य द्यावे. पाणी खाद्याच्या दुपटीने लागते, कडक उन्हात त्याहूनही जास्त. ते गार असावे आणि भांडे सावलीत असावे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. कोंबडीच्या खाद्यावर लाव्ह्या वाढतील का? ते चाळून बारीक केले, प्रथिने वाढवली आणि वयाप्रमाणे दोनदा बदलले तर वाढतील. पोते उघडून भांडे भरून ठेवले तर आमच्यासारखी एकोणीस पिले पुरावी लागतील.

नवशिक्याने पहिल्या खेपेला शंभरही आणू नयेत, पन्नास आणावीत. पिले आणण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन खात्रीची उबवणी कोठे आहे, पाळीव जपानी लाव्हीच मिळेल ना आणि जवळच्या बाजारात अंडी-पक्षी कोण घेतो, हे विचारून घ्यावे. परत येताना एक रव्याची चाळण, मूठभर गोट्या आणि एक कोरी वही घ्यावी. वहीत रोज तीन आकडे लिहावेत : खाद्य किती घातले, मर किती झाली, अंडी किती आली. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडे ही वही दिली तर फारच उत्तम. मुली चुकवत नाहीत आणि आपल्याला चुकवू देत नाहीत, असा आमच्या घरचा अनुभव आहे.